‘चीनने ठरवलं’ म्हणजे नेमकं कुणी ठरवलं?

‘चीनने दुर्मिळ खनिजांच्या निर्यातीवर निर्बंध घातले’, ‘चीनने अरुणाचलमधल्या ठिकाणांना पुन्हा नवी नावं दिली’. असे मथळे आपण वाचतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. पण चीन ठरवतो म्हणजे कोण ठरवतं? तिथे राष्ट्राध्यक्ष आहेत, पंतप्रधान आहेत, मंत्रिमंडळ आहे, जवळजवळ तीन हजार सभासदांची संसदही आहे. ही संसद वर्षातून एकदा, मार्चमध्ये, थोडे दिवस भरते. सरकारने मतदानाला ठेवलेला एकही प्रस्ताव तिने आजवर फेटाळलेला नाही. म्हणजे ठरवाठरवी आधीच कुठेतरी उरकलेली असते. ती उरकते बीजिंगमध्ये, जुन्या राजवाड्याला लागून असलेल्या झोंगनानहाई नावाच्या बंदिस्त वसाहतीत, कम्युनिस्ट पक्षाच्या सात माणसांच्या समितीत.

ही समिती कशी चालते हे समजून घ्यायचं तर आधी एक घोळ दूर करायला हवा. चीनमध्ये सरकार आणि पक्ष अशा दोन शिड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर पक्षाचा माणूस सरकारी माणसाला वरचढ आहे. प्रांताला गव्हर्नर असतो, पण खरा कारभारी पक्षाचा प्रांतिक सचिव. शहराला महापौर असतो, त्याच्या वर शहराचा पक्षसचिव. विद्यापीठं, सरकारी बँका, मंत्रालयं, सगळीकडे तीच तऱ्हा. वांग यी २०१३ पासून परराष्ट्रमंत्री म्हणून जगभर हिंडत होते. भारताशी सीमेवरच्या वाटाघाटींतही तेच समोर असायचे. पण २०२२ पर्यंत पक्षाच्या वरच्या पंचवीस जणांत त्यांचं नाव नव्हतं. चिनी मंत्र्याशी तासन् तास चर्चा करून आलेल्या परदेशी पाहुण्यांना पुष्कळदा हे उशिरा कळतं, की ज्यांनी निर्णय घ्यायचा ती माणसं त्या खोलीत नव्हतीच.

आता पक्षाची शिडी. सभासद दहा कोटींहून थोडे जास्त. सभासद होणं म्हणजे आपल्याकडे मिस्ड कॉल देऊन होतं तसं नाही. अर्ज करायचा, दोन जुन्या सभासदांनी शिफारस करायची, मग वर्षभर उमेदवारी. (सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये याच पक्षाचे सभासद झाले होते. तेव्हा हा पक्ष सत्तेच्या जवळपासही नव्हता, उत्तर चीनच्या डोंगराळ भागात जपान्यांशी लढत होता.) दर पाच वर्षांनी पक्षाचं महाअधिवेशन भरतं. विसावं अधिवेशन ऑक्टोबर २०२२ मध्ये झालं, प्रतिनिधी सुमारे तेवीसशे. त्यांनी केंद्रीय समिती निवडली. तिच्यात २०५ पूर्ण सदस्य, शिवाय १७१ पर्यायी सदस्य, ज्यांना बसायला जागा आहे पण मत नाही. दुसऱ्याच दिवशी या केंद्रीय समितीने २४ जणांचा पॉलिटब्यूरो, त्यातल्याच सात जणांची स्थायी समिती आणि एक सरचिटणीस, म्हणजे पक्षाचा प्रमुख, निवडला. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला महापालिकेतली ‘स्थायी’ काय चीज असते ते सांगायला नको. सभागृह मोठं, पण तिजोरीच्या किल्ल्या स्थायीकडे. इथेही तसंच, फक्त तिजोरी जरा मोठी आहे.

ही रचना चिन्यांची नाही. रशियात बोल्शेविकांनी १९१९ मध्ये लेनिन, ट्रॉट्स्की, स्टालिन, कामेनेव आणि क्रेस्टिन्स्की अशा पाच जणांचा कायमस्वरूपी पॉलिटब्यूरो नेमला, तिथून ती जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांत गेली. आपल्या माकपमध्येही केंद्रीय समिती आणि पॉलिटब्यूरो आहेत ते त्याच वंशातले.

कागदावर पाहिलं तर सत्ता खालून वर जाते. प्रतिनिधी समिती निवडतात, समिती पॉलिटब्यूरो निवडते. प्रत्यक्षात यादी वरून खाली येते. पॉलिटब्यूरोच्या मतपत्रिकेवर जितक्या जागा तितकीच नावं असतात, म्हणजे आपल्या भाषेत सगळी निवडणूक बिनविरोध. केंद्रीय समितीच्या बाबतीत एक बारीकशी फट ठेवलेली आहे. तिथे जागांपेक्षा आठ-दहा टक्के नावं जास्त असतात, त्यामुळे कुणाला पाडायचं एवढं तरी प्रतिनिधींच्या हातात राहतं. या फटीतून १९९७ मध्ये एक मजेशीर गोष्ट घडली. पूर्ण सदस्यांची यादी आडनावाच्या अक्षरातल्या रेघांच्या संख्येनुसार छापतात, पण पर्यायी सदस्यांची यादी मिळालेल्या मतांनुसार छापतात. त्या वर्षी पर्यायी सदस्यांत १५१ वं, म्हणजे अगदी शेवटचं नाव होतं फुजियान प्रांताच्या उपसचिवाचं: शी जिनपिंग. ते जुन्या क्रांतिकारक नेत्याचे चिरंजीव. बड्या नेत्यांच्या मुलांबद्दल प्रतिनिधींच्या मनात तेव्हा राग होता, असं अभ्यासक त्याचं कारण देतात. दहा वर्षांनी तेच शी थेट स्थायी समितीत जाऊन बसले. खालची मतं कमी पडली म्हणून त्यांचं काही अडलं नाही, कारण वर ओढून घेणारे हात वेगळे होते.

मग यादी करतं कोण? याचं उत्तर काळानुसार बदलत गेलंय आणि या सगळ्या विषयातली सर्वांत बोलकी गोष्ट मला तीच वाटते. नव्वदच्या दशकात निवृत्त बुजुर्गांचा शब्द मोठा होता. जून २००७ मध्ये पक्षाने एक प्रयोग केला. चारशेहून जास्त वरिष्ठ नेते केंद्रीय पक्षशाळेत बोलावले, त्यांच्या हातात सुमारे दोनशे संभाव्य नावांची यादी दिली आणि पॉलिटब्यूरोत कोण हवं त्याची खूण करायला सांगितलं. हे मतदान बंधनकारक नव्हतं, पण वाऱ्याची दिशा त्यातून कळत होती. २०१२ मध्ये ते पुन्हा झालं. २०१७ मध्ये मात्र शी यांनी ते बंद केलं. या पद्धतीत लोक मतं गोळा करत हिंडतात, वशिले लावतात, असं कारण अधिकृतपणे दिलं गेलं आणि उदाहरण म्हणून तुरुंगात गेलेल्या नेत्यांची नावंही घेतली गेली. नवी पद्धत काय? समोरासमोर बोलणं. सरकारी वृत्तसंस्था शिन्हुआच्या वृत्तानुसार त्या वर्षी एप्रिल ते जूनमध्ये शी स्वतः ५७ जणांशी बोलले. बोलणं एकेकट्याशी, टिपणं ऐकणाऱ्याकडे. चारशे जणांच्या खुणा मोजता तरी येतात. ५७ संभाषणांची बेरीज फक्त एकाच माणसाला करता येते.

२३ ऑक्टोबर २०२२ ला दुपारी ते सात जण बीजिंगच्या ‘ग्रेट हॉल’मध्ये पत्रकारांसमोर आले. तोवर नावं जाहीर नव्हती. जो ज्या क्रमाने चालत आला तो त्याचा दर्जा. प्रत्येकाकडे एकेक मोठं खातं आहे. शी जिनपिंग सरचिटणीस, शिवाय लष्करी आयोगाचे अध्यक्ष आणि राष्ट्राध्यक्ष. ली छ्यांग पंतप्रधान झाले. झाओ लेजी संसदेचे अध्यक्ष, वांग हुनिंग सल्लागार परिषदेचे. त्साई ची पक्षाचं सचिवालय आणि कार्यालय सांभाळतात, डिंग शुएशियांग पहिले उपपंतप्रधान, आणि ली शी शिस्त तपासणी आयोगाचे प्रमुख, म्हणजे ज्यांचा फोन आला की घाम फुटावा असं पद. बाई एकही नाही. या स्थायी समितीत आजवर एकही बाई आलेली नाही, आणि २०२२ मध्ये तर २४ जणांच्या पॉलिटब्यूरोतही पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच सगळे पुरुष आले.

नियमाप्रमाणे स्थायी समिती साधारण आठवड्यातून एकदा बसते, पॉलिटब्यूरो महिन्यातून एकदा, आणि केंद्रीय समिती वर्षातून एकदा-दोनदा. पाच वर्षांत केंद्रीय समितीच्या बहुतेक सात बैठका होतात आणि प्रत्येकीला ठरलेलं काम असतं. पहिलीत पक्षाची पदं, दुसरीत सरकारी पदं, तिसरीत बहुधा आर्थिक धोरण. डिसेंबर १९७८ ची जी बैठक चीनच्या आर्थिक सुधारणांची सुरुवात मानली जाते, ती अकराव्या समितीची तिसरी बैठक होती. सध्याच्या समितीची तिसरी बैठक २०२३ च्या शरदात अपेक्षित होती, ती भरली जुलै २०२४ मध्ये. उशीर का झाला ते कुणी सांगितलं नाही आणि विचारायची सोयही नाही. ऑक्टोबर २०२५ च्या चौथ्या बैठकीत पुढच्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा मंजूर झाला.

बैठकीत वाद होतात का? होत असणार, पण बाहेर येतं ते शिन्हुआचं निवेदन. त्यात कोण काय बोललं याचा मागमूस नसतो. म्हणून चीनचे अभ्यासक आणि शेअर बाजारातली मंडळी त्या निवेदनाचा शब्द न् शब्द मागच्या निवेदनाशी ताडून पाहतात. ९ डिसेंबर २०२४ च्या निवेदनात पतधोरण ‘माफक सैल’ ठेवू असं आलं. चौदा वर्षं तिथे ‘विवेकी’ असं विशेषण ठाण मांडून होतं. त्या दिवशी हाँगकाँगचा बाजार पावणेतीन टक्क्यांच्या आसपास उसळला.

निवेदनात काय येत नाही हे त्याहून महत्त्वाचं. ७ जानेवारी २०२० ला स्थायी समितीची बैठक झाली. दुसऱ्या दिवशी आलेल्या बातमीत वुहानच्या साथीचा उल्लेखही नव्हता. पुढे सरकारवर टीकेचा भडिमार झाला, तेव्हा फेब्रुवारीच्या मध्याला पक्षाच्या मुखपत्रात शी यांचं एक भाषण छापून आलं. त्यात ते म्हणतात की साथ रोखण्याच्या सूचना आपण ७ जानेवारीच्या बैठकीतच दिल्या होत्या. म्हणजे एक तर बैठकीत विषय झाला आणि बातमीतून गाळला गेला, किंवा नंतर हिशेब जुळवला गेला. इतिवृत्त कुणाला पाहायला मिळणार नाही, त्यामुळे दोन्हींतलं खरं काय ते आपण ठरवू शकत नाही. गुप्ततेचा हा तोटा फक्त बाहेरच्यांना नाही. वुहानच्या महापौरांनी त्याच जानेवारीत टीव्हीवर सांगून टाकलं की वरून परवानगी आल्याशिवाय स्थानिक सरकारला माहिती जाहीर करता येत नाही.

बैठक मात्र या कारभाराचा दिसणारा भाग. त्यामागचं रोजचं काम पाहिलं तर खरी मेख कागदांच्या वाटेत आहे. सात माणसांपुढे देशभरातून हजारो अहवाल येऊ पाहतात. त्यातले कुठले त्यांच्या टेबलापर्यंत जातील, कुणाच्या शेऱ्यासाठी आधी जातील, कुठला विषय बैठकीला लागेल, हे पक्षाचं मध्यवर्ती कार्यालय पाहतं. नेत्यांचे दौरे, सांकेतिक तारा, डॉक्टर, अंगरक्षक हे सगळं त्याच छताखाली. हे खातं किती वजनदार आहे हे ६ ऑक्टोबर १९७६ च्या रात्री दिसलं. माओंना जाऊन महिना झाला नव्हता. स्थायी समितीची बैठक आहे, विषय माओंच्या निवडक लेखनाचा पाचवा खंड, असा निरोप माओंच्या कट्टर समर्थकांच्या ‘चौकडी’तल्या वांग होंगवेन आणि झांग चुनछ्याओ यांना गेला. दोघंही समितीचे सदस्य, म्हणजे निरोपात वावगं काही नव्हतं. झोंगनानहाईतल्या हुआइरेन सभागृहाच्या दारात पाऊल ठेवताच पहारेकऱ्यांनी त्यांना धरलं. त्याच चौकडीतल्या, माओंच्या पत्नी जियांग चिंग यांना त्यांच्या निवासस्थानी अटक झाली. पहारा आणि कार्यालय दोन्ही वांग दोंगशिंग यांच्या हाताखाली होतं. एकही गोळी सुटली नाही. पॉलिटब्यूरोची बैठक त्यानंतर, त्याच रात्री भरली आणि झालेल्या गोष्टीला तिने मंजुरी दिली. आधी कारवाई, मग ठराव. आज तेच कार्यालय त्साई ची यांच्याकडे आहे. स्थायी समितीचा सदस्य असून हे कार्यालयही हाती असलेला माणूस वांग दोंगशिंग यांच्यानंतर पक्षाने थेट आत्ता पाहिला.

माओंच्या काळात या समित्या कागदावरच राहिल्या होत्या. महाअधिवेशन पाच वर्षांनी व्हायला हवं; आठवं झालं १९५६ मध्ये आणि नववं थेट १९६९ मध्ये. सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत पॉलिटब्यूरोचं काम एका खास गटाने बळकावलं. पक्षातले दोन नंबरचे नेते आणि देशाचे राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची नजरकैदेत खितपत मेले. हा अनुभव घेतलेल्यांनी माओंनंतर नियमांची तटबंदी उभारायला घेतली. पक्षाच्या १९८२ च्या घटनेत पक्षाध्यक्ष हे पदच काढून टाकलं आणि सरचिटणीस ठेवला. त्याचं काम काय, तर पॉलिटब्यूरो आणि स्थायी समितीच्या बैठका ‘बोलावणं’. निर्णय सामुदायिक, प्रत्येकाची जबाबदारी वेगळी, अल्पमताने बहुमताचं ऐकायचं, असं सूत्र. सरचिटणीस म्हणजे समान लोकांतला पहिला, अशी कल्पना.

पण हे नियम करणाऱ्या डेंग शियाओपिंग यांनीच त्यांना बगल दिली. १९८७ मध्ये सरचिटणीस हू याओबांग यांना घालवलं ते विस्तारित बैठकीत. त्या बैठकीत निवृत्त बुजुर्ग येऊन बसले होते. नियमाने तो अधिकार केंद्रीय समितीचा. त्याच वर्षी असाही गुप्त ठराव झाला की महत्त्वाच्या बाबतीत डेंग यांचा सल्ला घ्यायचा, जरी ते स्थायी समितीत नव्हते. जगाला हे कळलं १६ मे १९८९ ला, सरचिटणीस झाओ झियांग यांनी पाहुण्या गोर्बाचेव यांना सांगितलं तेव्हा. तिआनआनमेन चौकात विद्यार्थी बसलेले. दुसऱ्या दिवशी डेंग यांच्या घरी बैठक झाली. स्थायी समितीच्या पाच जणांत एकमत नव्हतं. लष्करी कायदा लावायचा हा कौल घरमालकाचा ठरला. झाओ यांनी विरोध केला, त्यांचं पद गेलं आणि २००५ मध्ये मरेपर्यंत ते नजरकैदेत राहिले. डेंग यांच्याकडे तेव्हा मोठं असं एकच पद होतं, लष्करी आयोगाचं अध्यक्षपद. चिनी सैन्य देशाचं नाही, पक्षाचं आहे, हे एकदा ध्यानात घेतलं की ते एक पद का पुरलं याचा उलगडा होतो.

पुढची वीस-पंचवीस वर्षं तटबंदी बऱ्यापैकी टिकली. सरचिटणीसपदावरून जियांग झेमिन गेले, हू जिंताओ आले, तेही दहा वर्षांनी गेले. अधिवेशनाच्या वर्षी ६७ वय असेल तर राहायचं, ६८ झालं की घरी, असा अलिखित दंडक होता. स्थायी समितीत गेलेल्या माणसाची चौकशी करायची नाही, असाही एक समज होता. हू यांच्या काळात समितीत नऊ जण होते आणि प्रत्येक जण आपल्या खात्याचा सुभेदार. त्यामुळे निर्णय रखडायचे, भ्रष्टाचार माजला, अशी तक्रार पक्षातच होती. शी यांना एवढी सत्ता सुखासुखी मिळाली त्याचं एक कारण ही तक्रार आहे. केवळ त्यांची महत्त्वाकांक्षा म्हणून विषय संपवणारे अर्धीच गोष्ट सांगतात.

२०१२ मध्ये समिती नऊवरून सातावर आली. स्थायी समितीतून निवृत्त झालेले, पोलिस आणि गुप्तचर खात्यांवर हुकमत गाजवलेले झोउ योंगकांग २०१५ मध्ये जन्मठेपेवर गेले. तो समज तिथेच संपला. ऑक्टोबर २०१६ मध्ये शी यांना पक्षाचा ‘गाभा’ अशी पदवी मिळाली. २०१७ मध्ये नियम आला की पॉलिटब्यूरोच्या प्रत्येक सदस्याने दरवर्षी केंद्रीय समितीला आणि सरचिटणिसाला लेखी कामाचा अहवाल द्यायचा. समान लोकांतला पहिला असतो त्याला बाकीचे अहवाल देत नसतात. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय समितीच्या कामकाजाची नियमावली आली. पॉलिटब्यूरो आणि स्थायी समितीच्या बैठकांपुढचे विषय सरचिटणीस ठरवेल, असं तिच्यात लिहिलं गेलं. १९८२ मध्ये त्याचं काम बैठक बोलावण्याचं होतं, आता विषयपत्रिकाही त्याची. ज्याने आयुष्यात एखाद्या संस्थेच्या चार सभा पाहिल्यात त्याला या दोन कामांतला फरक समजावून सांगावा लागणार नाही.

यात एक गैरसमज पक्का बसलाय. मार्च २०१८ मध्ये चिनी संसदेने राष्ट्राध्यक्षपदाची दोन मुदतींची मर्यादा काढली. बाजूने २,९५८ मतं, विरोधात दोन, तटस्थ तीन. ‘शी आता तहहयात’ असे मथळे जगभर आले. पण राष्ट्राध्यक्षपद हे तिन्ही पदांतलं सर्वांत शोभेचं. सरचिटणिसाला किंवा लष्करी आयोगाच्या अध्यक्षाला मुदतीची मर्यादा कधी नव्हतीच. जो अडसर काढला तो दरवाजाला नव्हता, खिडकीला होता. वयाचा दंडक २०२२ मध्ये गेला. ६९ वर्षांचे शी राहिले, ७२ वर्षांचे जनरल झांग योउशिया राहिले, ६९ व्या वर्षी वांग यी नव्याने पॉलिटब्यूरोत आले, आणि ६७ वर्षांचे तेव्हाचे पंतप्रधान ली कछ्यांग आणि सल्लागार परिषदेचे अध्यक्ष वांग यांग, ज्यांना जुन्या दंडकाप्रमाणे राहता आलं असतं, ते घरी गेले. नियम अलिखित असला की तो मोडला असं सिद्धही करता येत नाही.

आणखी एक बदल फार कमी लोकांच्या ध्यानात येतो. पूर्वी वेगवेगळ्या विषयांवर पक्षाचे तात्पुरते सुकाणू गट असायचे. शी यांनी ते वाढवले आणि २०१८ मध्ये त्यातल्या महत्त्वाच्या गटांना कायम आयोगांचा दर्जा दिला: आर्थिक, परराष्ट्र, सुधारणा. राष्ट्रीय सुरक्षेचा आयोग आधीपासून होताच. यातल्या बहुतेकांचे अध्यक्ष स्वतः शी. त्यामुळे पंतप्रधानांकडे जी अर्थव्यवस्था असायची, तिचे मोठे निर्णय आधी आयोगात होतात, मग मंत्रिमंडळ राबवतं. संसद अधिवेशनाच्या शेवटी पंतप्रधान पत्रकारांसमोर यायचे, ती तीन दशकांची प्रथा २०२४ मध्ये बंद झाली.

इथवर वाचून कुणी म्हणेल, आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? विधिमंडळ पक्षाची बैठक होते, ‘नेता निवडीचे सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना’ असा एका ओळीचा ठराव होतो, आणि नाव दिल्लीहून येतं. वरवर साम्य आहेच. पण आपल्या पक्षश्रेष्ठींच्या मानेवर निवडणुकीची तलवार टांगलेली असते. दोन राज्यं हरली की खालचे बोलायला लागतात. आणि अगदीच बिनसलं तर माणूस पक्ष फोडून बाहेर पडतो. महाराष्ट्राला २०२२ आणि २०२३ नंतर हे कुणी शिकवायला नको. चीनमध्ये बाहेर पडून जायला जागाच नाही. गट करणं हाच पक्षात मोठा गुन्हा आहे. नियम मोडला म्हणून दाद मागायला पक्षाबाहेरचं न्यायालय नाही, निवडणूक आयोग नाही. सामुदायिक नेतृत्वाचे नियम पाळायचे की नाही हे अखेर त्या सात जणांतल्या ताकदीच्या तोलावर ठरतं, आणि तो तोल बिघडला की नियम आपोआप शोभेचे होतात.

तोल आणखी एका बाजूने राखला जायचा, तो म्हणजे माणसं. पक्षाचा संघटन विभाग देशातल्या सर्व मोठ्या नेमणुका हाताळतो. प्रांतांचे सचिव, मंत्री, मोठ्या विद्यापीठांचे प्रमुख, सरकारी कंपन्यांचे अध्यक्ष, सगळ्यांची फाइल तिथे. जुन्या काळी या नेमणुकांत वेगवेगळ्या नेत्यांची वाटणी असायची. आज केंद्रीय समितीतले बहुतेक लोक एकाच माणसाच्या पसंतीने वर आलेत. तरी त्यांच्यावर विश्वास आहे असंही नाही. पॉलिटब्यूरोत बसलेले आणि लष्करी आयोगाचे उपाध्यक्ष असलेले ‘हे वेइदोंग’ नावाचे जनरल ऑक्टोबर २०२५ मध्ये पक्षातून हाकलले गेले. त्यांच्यासोबत आणखी आठ वरिष्ठ सेनाधिकारी. हाकलण्याचा निर्णय आधी पॉलिटब्यूरोचा, आणि काही दिवसांत भरलेल्या केंद्रीय समितीने त्यावर शिक्का मारला. हीच त्या समितीची नेहमीची भूमिका.

पुढचं महाअधिवेशन २०२७ मध्ये आहे, तेव्हा शी ७४ वर्षांचे असतील. जुनी रीत अशी होती की वारसदाराला पाच-दहा वर्षं आधीच स्थायी समितीत आणून बसवायचं. हू जिंताओ १९९२ मध्ये वयाच्या ४९ व्या वर्षी आले, शी आणि ली कछ्यांग २००७ मध्ये. आजच्या सात जणांत वयाने सर्वांत लहान डिंग शुएशियांग, जन्म १९६२ चा, आणि त्यांनी एकही प्रांत स्वतः चालवलेला नाही. पक्षाच्या घटनेत उपसरचिटणीस असं पद नाही. देशाचे उपराष्ट्राध्यक्ष हान झेंग पॉलिटब्यूरोतही नाहीत. उद्या सरचिटणिसाची जागा अचानक रिकामी झाली तर नवा निवडायचा अधिकार केंद्रीय समितीचा आहे. केंद्रीय समितीची बैठक पॉलिटब्यूरोने बोलवायची असते आणि पॉलिटब्यूरोची बैठक सरचिटणिसाने.